कच्च्या मांसाची स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यजीव बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या अवघ्या काही दिवसांत दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुन्यांची तपासणी झाली आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी निष्कर्ष हाती आला : बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू. त्याच सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात घराबाहेर कधीही न पडलेले एक मांजर याच विषाणूने मेले. त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्की-मांसातील विषाणू आणि मांजराच्या शरीरातील विषाणू जनुकीयदृष्ट्या एकच निघाले. पाठोपाठ मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू आढळला आणि तेथील जिवंत कोंबड्यांचा बाजार बंद करावा लागला. वाघांची बातमी पहिल्या पानावर झळकली, मांजरांची आतल्या पानावर गेली. वस्तुत: शहरी वाचकाच्या दृष्टीने अधिक जवळची बातमी मांजरांची होती. कारण मुंबई, पुणे, नाशिक, ठाणे येथील अनेक घरांत कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस खाऊ घालण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रुजली आहे. हे मांस परवडेल अशा दरात कोठे मिळेल, हा या घरांपुढचा रोजचा प्रश्न आहे.

या पद्धतीचा उगम ऑस्ट्रेलियातला. इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्यकाने १९९३ मध्ये पुस्तक लिहून असा विचार मांडला, की कुत्र्याची पचनसंस्था मांस आणि हाडे कच्ची खाण्यासाठी घडली आहे आणि कारखान्यातील कोरडे दाणे हे त्याचे अन्न नव्हे. हा विचार आधी पाश्चात्त्य देशांत आणि नंतर आपल्याकडे पसरला. त्याचे प्रचलित सूत्र साधारणपणे असे : सुमारे ८० टक्के मांस, १० टक्के हाड आणि १० टक्के यकृतासह अवयव. कुत्र्याची उत्क्रांती लांडग्यापासून झाली हे खरेच. पण माणसाच्या सहवासातील हजारो वर्षांत त्याने पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमताही कमावली, हे जनुकीय अभ्यासांतून दिसले आहे. आपल्या खेड्यांतली कुत्री पिढ्यान्पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर जगली, त्यासाठी अभ्यासाचीही गरज नव्हती. मांजराची गोष्ट निराळी. ते पूर्णपणे मांसावर अवलंबून असणारे जनावर आहे आणि त्याच्या बाबतीत कच्च्या आहाराचा युक्तिवाद अधिक मोहक वाटतो. दुर्दैवाने एच५एन१ला बळी पडण्यातही मांजर-कुळच आघाडीवर आहे. थायलंडमधील श्रीराचा येथील व्याघ्रालयात ऑक्टोबर २००४ मध्ये कोंबड्यांचे कच्चे मांस खाल्ल्यानंतर रोग पसरला आणि मेलेले व मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. गोरेवाड्याला वीस वर्षे आधीच इशारा मिळालेला होता.

आता पैशांचा हिशेब. प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के कच्चा आहार द्यावा, असा या पद्धतीचा सर्वसाधारण नियम. म्हणजे ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला ६०० ते ९०० ग्रॅम, महिन्याला १८ ते २७ किलो. कोंबडीचा दर किलोला २४० रुपये धरला, तर हा खर्च साडेचार-साडेसहा हजारांच्या घरात जातो. मटणाचा दर ८०० रुपये धरला, तर तोच आकडा चौदा ते एकवीस हजारांवर पोहोचतो. मध्यमवर्गीय घराला हा खर्च झेपणारा नाही. साहजिकच कच्च्या आहाराचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : जनावराच्या शरीराचे जे भाग माणूस खात नाही ते स्वस्तात मिळतील आणि कुत्र्याचे पोट त्यावर भरेल.

पाश्चात्त्य देशांत हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या ग्राहकाला वजरी नको असते, फुप्फुस नको असते, मुंडी तर नकोच. महाराष्ट्रात तसे नाही. वजरी स्वच्छ करून तिखट रस्सा करणारी घरे कोल्हापूर-साताऱ्यापासून मुंबईच्या चाळींपर्यंत आहेत. पाया, मुंडी, भेजा, रक्ती, पोटा-कलेजी हे सारे खाद्य आहे आणि त्याला गिऱ्हाईक आहे. मुंबईत खिरीचे कबाब खायला लोक दुरून येतात. बकऱ्याचे जवळजवळ काहीच येथे वाया जात नाही, म्हणून बकऱ्याचे काहीच फारसे स्वस्त नाही. शिवाय या भागांवर ज्यांची गुजराण चालते ते खाटीक आणि ते खाणारे कष्टकरी यांच्याशीच कच्च्या आहाराच्या हौशी ग्राहकाची स्पर्धा सुरू होते. परदेशी तक्ते जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

राहिले मोठ्या जनावरांचे मांस. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच. बैल आणि वळू यांनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केली. तिला राष्ट्रपतींची संमती मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळाली आणि मार्चपासून ती अमलात आली. त्याआधी बैलाचे मांस हे राज्यातले सर्वांत स्वस्त लाल मांस होते. गरिबांच्या ताटात ते होते तसेच प्राणिसंग्रहालयांच्या पिंजऱ्यांत आणि मोठी कुत्री पाळणाऱ्यांच्या घरांतही होते. बंदीनंतर देवनारच्या व्यापाऱ्यांनी काम थांबवले तेव्हा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वाघ-सिंहांना कोंबडीवर आणावे लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. उत्तर प्रदेशात मार्च २०१७ मध्ये अवैध कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली तेव्हा लखनौ, कानपूर आणि इटाव्यातील सिंहांच्या बाबतीतही असेच घडले. बंदीच्या समर्थनाची किंवा विरोधाची चर्चा येथे करायची नाही, ती पुष्कळ झाली आहे. पण एका कायद्याने स्वस्त लाल मांस बाजारातून गेले की त्यावर जगणाऱ्या प्रत्येक मांसाहारी प्राण्याचा भार कोंबडीवर येतो, हा परिणाम त्या चर्चेत फारसा कोणी विचारात घेतला नाही.

म्हशी आणि रेडे यांची कत्तल राज्यात प्रमाणपत्र घेऊन कायदेशीर आहे. मग ते मांस का घेऊ नये? अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे, भारत हा म्हशीच्या मांसाचा जगातील आघाडीचा निर्यातदार आहे आणि उत्तम प्रतीचा माल यांत्रिक कत्तलखान्यांतून गोठवून परदेशी जातो. निर्यात केवळ हाडविरहित मांसाची करता येते. हाडे देशातच राहतात, पण ती कुत्र्याच्या वाट्याला न येता जिलेटिनच्या उद्योगाकडे वळतात. दुसरी अडचण भीतीची. पिशवीतले लाल मांस म्हशीचे की बैलाचे, हे वाटेत कोणी अडवल्यास सिद्ध कसे करणार? त्याचा निर्णय प्रयोगशाळेत लागतो आणि तोवर माणूस संशयित असतो. परराज्यात कायदेशीर कत्तल झालेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, तरी रस्त्यावरचा जमाव न्यायालयाचे निकालपत्र वाचून येत नाही. त्यात गृहनिर्माण संस्थांचे अलिखित नियम. मांजरासाठी म्हशीचे मांस घरपोच मागवणाऱ्याला उद्वाहनात कोण भेटेल याचा विचार करावा लागत असेल, तर तो कोंबडीच मागवणार.

म्हणजे सारे वळसे घेऊन आपण गल्लीतल्या चिकन सेंटरपाशी येतो. तेथे कोंबडी जिवंत येते, पिंजऱ्यात थांबते, गिऱ्हाइकासमोर कापली जाते. ताजेपणाची हीच खूण म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. माना, पंजे, डोकी, कातडी, पाठीचा सांगाडा हे भाग वेगळ्या घमेल्यात पडतात. ‘कुत्र्यासाठी द्या’ असे म्हटले की त्यातूनच पिशवी भरली जाते, दर मांसाच्या तुलनेत अगदीच किरकोळ. घमेल्यात उरलेल्या मालाचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. काही कचराकुंडीत जातो, काही भटक्या कुत्र्यांपुढे पडतो, काही बंदी असलेल्या आफ्रिकन मागूर माशांच्या अवैध तळ्यांत. उजनी धरणाच्या परिसरात अशी तळी नष्ट करण्याची कारवाई मत्स्यव्यवसाय खात्याला करावी लागली आहे. थोडक्यात, ज्याचा कोणी हिशेब ठेवत नाही आणि ज्यावर कोणाची नजर नाही अशा ढिगातून आपल्या घरच्या लाडक्या प्राण्याचे ताट वाढले जाते.

नजर नाही हे शब्दश: खरे आहे. परवानाधारक कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासावे, असा नियम आहे. गल्लीतल्या कोंबडीला आणि पहाटे दुकानामागे कापल्या जाणाऱ्या बकऱ्याला हा नियम व्यवहारात पोहोचत नाही. त्यातच अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ने ‘अन्न’ या संज्ञेच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळले आहे. म्हणजे माणसासाठी विकलेल्या मांसाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे निदान तक्रार तरी करता येते. तोच तुकडा ‘डॉग फूड’ म्हणून विकला की तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. अलीकडे शहरांमधून कच्च्या आहाराची गोठवलेली पाकिटे विकणारे लहान व्यावसायिक पुढे आले आहेत. त्यांतील काही प्रामाणिक असतीलही. पण त्यांचा प्रामाणिकपणा तपासण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कायद्यात धड लिहिलेले नाही.

युरोपात या पोकळीला उत्तर शोधले गेले. माणसाला खाण्यायोग्य ठरलेल्या, परंतु चवीमुळे वा बाजारामुळे माणसाच्या ताटात न जाणाऱ्या भागांना तेथील २००९ च्या नियमावलीत स्वतंत्र वर्ग आहे आणि कच्च्या पशुआहारात केवळ याच वर्गातील माल वापरता येतो. त्याच्या नमुन्यांत साल्मोनेला सापडता कामा नये, अशी अट आहे. इतके असूनही नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये बाजारातील ३५ गोठवलेली उत्पादने तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्पादनांत लिस्टेरियाची घातक जात आणि पाचव्या हिश्श्यात साल्मोनेला आढळला. अमेरिकेच्या पशुवैद्यकीय संघटनेने तर २०१२ मध्येच कच्च्या प्राणिज आहाराविरुद्ध भूमिका घेतली होती. जेथे नियम आहेत, प्रयोगशाळा आहेत, शीतसाखळी आहे, तेथली ही स्थिती. घरच्या फ्रीजरवर विसंबणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण जिवाणू आणि विषाणू बव्हंशी केवळ निद्रिस्त होतात. ओरेगॉनच्या मांजराने खाल्लेले मांस गोठवलेलेच होते.

बर्ड फ्लू आपल्याकडे नवा नाही. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरचे कावळे आणि उरणजवळच्या चिरनेरच्या कोंबड्या. या प्रत्येक वेळी एक गोष्ट ठरलेली : बातमी पसरताच गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि कोंबडीचे भाव कोसळतात. माणसासाठी सरकारचा सल्ला योग्य असतो, की नीट शिजवून खा, काही होत नाही. विषाणू उष्णतेने मरतोच. पण कच्चे मांस खाऊ घालणाऱ्यासाठी हे गणित उलटे फिरते. श्रावणात मागणी घटून आलेली स्वस्ताई निरुपद्रवी असते, तेव्हा फ्रीजर भरून ठेवण्यात शहाणपण आहे. बर्ड फ्लूच्या महिन्यातली स्वस्ताई मात्र नेमकी त्याच कारणाने आलेली असते ज्या कारणाने ते मांस कच्चे देणे सर्वाधिक धोक्याचे असते. दराच्या फळ्यावर या दोन स्वस्ताया सारख्याच दिसतात.

मात्र या सगळ्यांत ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, तो धोका विषाणूचा नसून एका चिमुकल्या कृमीचा आहे. हायडॅटिड या नावाने वैद्यकाला परिचित असलेल्या रोगाचे चक्र असे चालते : शेळी, मेंढी, म्हैस यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. असे यकृत वा फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले, की गाठीतील कृमी त्याच्या आतड्यात वाढतात. कुत्र्याला वरवर काहीच होत नाही. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, केसांना लागतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. पुढे कित्येक वर्षांनी त्या माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात नारळाएवढी गाठ सापडते. भारतीय शल्यचिकित्सकांना ही शस्त्रक्रिया नवखी नाही. कत्तलखान्यातील निरीक्षक असे यकृत पाहताच बाद ठरवतो. निरीक्षक नसलेल्या ठिकाणी खाटीक ते गिऱ्हाइकाला देत नाही, कारण ते डोळ्याला वाईट दिसते. मग ते जाते कोठे? कुत्र्यासाठीच्या पिशवीत. फुप्फुस आणि यकृत हे कच्च्या आहारातले स्वस्त आणि ‘पौष्टिक’ म्हणून शिफारस केलेले भाग, आणि रोगाचे घरही तेच.

न्यूझीलंडने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. मेंढ्यांच्या त्या देशात कुत्र्यांना कच्चे अवयव खाऊ घालण्यावर कायद्याने बंदी आली, १९५९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मोहीम कडक झाली, कुत्र्यांना सक्तीने जंतनाशक देण्यात आले. २००२ मध्ये तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. त्याला चार दशके लागली. आपल्याकडे एवढी नोंद जरी महापालिकांच्या पशुवैद्यकीय विभागांनी दुकानदारांपर्यंत पोहोचवली, की गाठी दिसणारे यकृत आणि फुप्फुस कोणत्याही जनावराला घालायचे नाही, तरी ते मोठे काम होईल. त्याला ना नवा कायदा लागतो ना अंदाजपत्रकात तरतूद.

पोषणाच्या बाजूने एक धोका ओझरता सांगायला हवा. हाडांची भीती वाटते म्हणून अनेकजण केवळ हाडविरहित कोंबडी देतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाचे शरीर मग आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढते आणि काही आठवड्यांत पाय वाकतात. महिन्याला दोन हजार वाचवणारा पालक एका क्ष-किरण चित्रात आणि त्यापुढच्या उपचारात ते घालवून बसतो.

शहरांच्या कारभाऱ्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. देवनारसारख्या महापालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्यकीय तपासणीची व्यवस्था मुळातच आहे. तपासणीत उत्तीर्ण झालेले पण बाजारात न खपणारे भाग वेगळे करून, थंड करून, तारखेच्या शिक्क्यासह ‘प्राण्यांसाठी’ म्हणून विकण्याचा एक गाळा तेथे सुरू झाला, तर ग्राहकाला ठरावीक दर मिळेल, महापालिकेला उत्पन्न मिळेल आणि घमेल्यातला माल कमी होईल. केंद्राच्या पातळीवर पशुआहाराची जबाबदारी एका निश्चित यंत्रणेकडे सोपवण्याचे काम आहे. अर्थात, तपासणी, शीतगृह, वाहतूक यांचा खर्च त्या मांसाच्या दरात येणारच. आज जे स्वस्त वाटते त्यातील बराचसा भाग हा न झालेल्या तपासणीची बचत आहे. असा प्रामाणिक दर लागला की कच्च्या आहाराचे आकर्षण काही प्रमाणात ओसरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते ओसरण्यात फार बिघडणार नाही.

कारण शिजवण्याचा पर्याय आजही उपलब्ध आहे आणि तो स्वस्तही आहे. त्याच माना, तेच सांगाडे कुकरमध्ये शिजवून हाडे काढून टाकली, की विषाणू, साल्मोनेला आणि कृमीच्या गाठी यांचा प्रश्न उरत नाही. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या काड्या आतड्यात रुतू शकतात, त्यामुळे ते काढणे आवश्यक. कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड पशुवैद्यकाला विचारून योग्य मात्रेत घालता येते. कुत्र्याच्या वाट्यात भात, भोपळा, गाजर यांची भर घातली तर २७ किलोचे मांस निम्म्यावर येते. मांजराच्या वाट्यात तशी भर चालत नाही. त्याला लागणारे टॉरीन शिजवताना पाण्यात उतरते, तेव्हा ते पाणी ओतून न देता मांसाबरोबरच द्यावे. किनारपट्टीच्या घरांत मांजराला तारली किंवा मांदेली वाफवून देण्याची रीत जुनीच आहे. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असताना तारलीचा भाव विचारण्यात अर्थ नसतो. आणि ज्यांनी कच्चेच द्यायचे ठरवले आहे त्यांनी निदान दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंतनाशक गोळी द्यावी. गोळी घेताना तिच्यात प्राझिक्वांटेल हे औषध आहे की नाही, हे पाकिटावर पाहून घ्यावे. प्रत्येक जंतनाशकात ते नसते.